सुंभ जळाला, पीळ राहिला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत एका कल्पित जगाची बखर क्रमशः येत आहे. एक मोठे साम्राज्य बुडाल्यावर त्या जगाचे काय झाले, असा तिचा विषय. मी आणि माझी नात ती मिळून वाचतो. म्हणजे ती मोठ्याने वाचते आणि मी मधेमधे कुरकुरतो. गेल्या रविवारी मात्र कुरकुर तिनेच केली. राजधानी एका रात्रीत जळते, सम्राट भुयारातून पळतो, आणि ‘त्यानंतर तीनशे वर्षे अंधार पसरला’ एवढ्या एका वाक्यावर लेखक थेट नव्या नायकाच्या बारशाला येऊन पोहोचतात. तिने पान खाली ठेवले आणि विचारले, ‘‘आजोबा, मग ती तीनशे वर्षं लोक काय करत होते?’’

त्या प्रश्नापायी हे पत्र.

माझे आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेले. त्यामुळे असेल, पण राज्य बुडाले म्हटले की मला आधी विचारावेसे वाटते, भरणा कधी थांबला? आग लागते ती फार नंतर. त्याआधी कित्येक वर्षे लांबच्या सुभ्याचा भरणा उशिरा येऊ लागतो, मग निम्मा येतो, मग त्याच्या जागी नजराणा आणि गोड भाषेतले पत्र येते. सुभेदार स्वतःला राजा म्हणवत नाही, कारण त्याला ती गरजच पडत नाही. मोगलांचा सुभेदार मुर्शिदकुली खान बंगालचा खरा धनी झाल्यावरही दिल्लीला वर्षाचा भरणा नेमाने पाठवत होता; पुढे नवाब झालेल्या अलीवर्दी खानाच्या काळात तो आटला. बंगाल दिल्लीच्या हातून कोणत्या लढाईत गेला, असे कोणी विचारले तर नाव घेता येणार नाही. वहीतली एक ओळ कोरी राहू लागली, इतकेच.

आणि नाव? ते तर भरण्याच्याही पुढे टिकते. औरंगजेब १७०७ मध्ये वारला, तिथून मोगलाईची उतरण लागली असे आपण शाळेत शिकलो. मेरठचे शिपाई ११ मे १८५७ रोजी दिल्लीत शिरले तेव्हा ते गेले ऐंशी ओलांडलेल्या बहादूरशहाकडे. उतरण लागून दीडशे वर्षे झाली होती, म्हाताऱ्याच्या हुकमात लाल किल्ल्याबाहेर फारसे काही उरले नव्हते, तरीही बंडाला डोक्यावर छत्र हवे होते आणि ते दुसरीकडे कुठे मिळण्यासारखे नव्हते.

माझ्याकडे कंपनी सरकारच्या अमदानीतला, मुर्शिदाबादचे नाव असलेला एक रुपया आहे. नातीच्या हातात दिला तर तिने आधी राणीचे तोंड शोधले. ते नाही. दोन्ही बाजूंना फारसी अक्षरे, आणि मजकूर असा की शाह आलम बादशहाने सात खंडांवर आपले नाणे पाडले. ज्या बादशहाबद्दल ‘सल्तनत-ए-शाह आलम, अज दिल्ली ता पालम’ असे लोक म्हणत, म्हणजे दिल्लीपासून शेजारच्या पालम गावापर्यंतचे राज्य, त्याची ही सात खंडे! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. पण खरी गंमत पाठीमागे आहे. तिथे सन १९ आहे, म्हणजे राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्ष, साधारण १७७७-७८. पुढच्या कित्येक वर्षांत पाडलेल्या रुपयांवरही सन १९ च. रुपया जुन्या सनाचा झाला की सराफ त्यावर बट्टा कापत. ती कटकट नको म्हणून कंपनीने सनच गोठवून टाकला. बादशहा आंधळा झाला, १८०६ मध्ये वारला, त्याचा मुलगा गादीवर बसला, आणि नाण्यावर आपले एकोणिसावे वर्षच चालू. कंपनीने स्वतःच्या राजाचे तोंड असलेला रुपया सगळीकडे लागू केला तो १८३५ मध्ये. कल्पित जगाच्या इतिहासकाराला याहून अद्भुत काय हवे? घड्याळ बंद पडलेले साम्राज्य, आणि ते बंद घड्याळ नव्या मालकाने मुद्दाम तसेच भिंतीवर ठेवलेले.

या बखरीतले सरदार साम्राज्याच्या नावाने थुंकतात, त्याची मोहर पायाखाली तुडवतात. मला ते पटत नाही. तलवारीच्या जोरावर सगळे घेता येत असतानाही माणसे कागद मागतात. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून परतले ते चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. चौथाई मराठे आधीपासूनच वसूल करत होते, मग सनद कशाला? कारण सनद हातात असली की वसुलीला लूट म्हणता येत नाही, आणि देणाऱ्यालाही देताना मान खाली घालावी लागत नाही. महादजी शिंद्यांचे उदाहरण याच्याही पुढचे. दिल्लीचा कारभार त्यांच्या शब्दावर चालत असताना १७८४ मध्ये त्यांनी बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी कारभारी, ही पदवी मिळवली आणि आपण त्यांचे नायब झाले. तिची वस्त्रे १७९२ मध्ये पुण्यात थाटाचा दरबार भरवून पेशव्यांना दिली गेली. ज्याची ही वस्त्रे, त्या शाह आलमचे डोळे चार वर्षांपूर्वी गुलाम कादिर या रोहिला सरदाराने काढले होते. हा दरबार डोळ्यांपुढे आणून बघा. त्यातली एकही व्यक्ती मूर्ख नव्हती आणि खरे काय ते सगळ्यांना ठाऊक होते.

राजधानी कधी जळतच नाही असे माझे म्हणणे नाही. राक्षसतागडीच्या लढाईनंतर, १५६५ मध्ये, विजयनगर खरोखरच उद्ध्वस्त झाले. पण राजघराणे पेनुकोंड्याला गेले, पुढे चंद्रगिरीला. मदुरै, तंजावर, जिंजीचे नायक हळूहळू आपापल्या घरचे राजे झाले. आणि त्या राज्याचा होन, म्हणजे सोन्याचे नाणे, तर जिंकणाऱ्यांच्याच मुलखात, आदिलशाहीच्या हिशेबात, पुढेही चालला.

लेखकांचा ओढा बहुधा रोमकडे आहे, तेव्हा तिकडचेही पाहू. ओडोएकर या परक्या टोळीवाल्या सेनानायकाने ४७६ मध्ये रोमच्या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवले आणि राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली. इकडे वेगळा सम्राट नको, तिकडचा एक पुरे, असा निरोप. सिनेट भरत राहिली. पश्चिमेचे साम्राज्य त्या साली संपले, असे लिहून ठेवणारा इतिवृत्तकार भेटतो तो सुमारे चाळीस वर्षांनंतर. शहराच्या पाटांतून पाणी वाहत होते, ओडोएकरनंतर आलेले गॉथ राजे त्यांची डागडुजी करवत होते. ते पाट तोडले गेले ५३७ मध्ये, म्हणजे साम्राज्य ‘बुडाल्यावर’ साठ वर्षांनी. आणि तेव्हा चालले होते काय? पूर्वेच्या सम्राटाचे सैन्य त्याची हक्काची भूमी सोडवायला आले होते! ते युद्ध जवळपास वीस वर्षे चालले आणि इटलीचे जे हाल त्यात झाले ते ओडोएकरने केले नव्हते. आपल्या बखरीतही खरा वारस परत येण्याची चिन्हे दिसू लागली आहेत. नात खूश आहे. मी मात्र त्या पाटांची काळजी करतो आहे.

मोडते ते काय? मला वाटते, डागडुजी मोडते. पूल पडत नाही, पण त्याचा एक दगड निखळतो, आणि तो बसवायचा खर्च कोणाच्या खाती टाकायचा हे ठरवणारा कोणी उरत नाही. ब्रिटनमध्ये पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नाण्यांचा पुरवठा थांबला आणि थोड्याच पिढ्यांत कुंभाराचे चाकसुद्धा वापरातून गेले. चाक फिरवायला सम्राट लागत नाही, हे खरे. पण मडकी लांब नेऊन विकायला रस्ता, बाजार आणि सुटे पैसे लागतात. तीनशे वर्षांचा अंधार दाखवायचाच असेल तर असा दाखवावा: आजीच्या घरातले मडके पातळ आणि गुळगुळीत, नातीच्या घरातले जाड, वाकडे, हाताने थापलेले.

भाषेचे तर बखरीत नावच नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी मी नोकरीभर ज्यात बुडून गेलो होतो ते जमा, खर्च, वसूल, बाकी हे सगळे शब्द त्याच जुन्या दरबारांतून आलेले. यातला एकही शब्द न वापरता मराठीत हिशेब लिहून दाखवा! बखरीतल्या पात्रांच्या तोंडी मात्र साम्राज्याचा एक शब्द उरलेला नाही, शिवीसुद्धा नाही.

विसरण्याचीही एक तऱ्हा असते. नाशिकजवळच्या डोंगरातल्या लेण्यांत सातवाहन राजांचे लेख भिंतीवर कोरलेले आहेत, नावानिशी, देणगीच्या तपशिलासह. पण ब्राह्मी वाचता येईना, तेव्हा लोकांनी ती लेणी पांडवांना देऊन टाकली. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती लिपी पुरती उलगडली, तोवर खरे उत्तर भिंतीवरच होते आणि लोक त्याच्याखाली बसून पांडवांच्या गोष्टी सांगत होते. बखरीतला अंधार असा असता तर नातीने पान खाली ठेवले नसते.

नकाशाबद्दल थोडे. पाच राज्ये, पाच रंग, मधे ठसठशीत रेघा. साम्राज्यानंतरच्या मुलखात अशी रेघ शोधून सापडत नाही. आपल्याकडे दुअंमल हा शब्दच आहे, एका गावावर दोन सत्तांचा अंमल. निजामाच्या मुलखात मराठ्यांची चौथाई होती; तिथले गाव कोणत्या रंगाने रंगवणार?

इतके लिहिले तरी बखर आम्ही सोडणार नाही, आणि त्याचे कारण तिसऱ्या भागातला नावाडी. तो उतारूंकडून पैसे घेण्याआधी छातीवर एक पितळी बिल्ला लावतो. बिल्ल्यावर बुडालेल्या साम्राज्याची अक्षरे आहेत. ती त्याला वाचता येत नाहीत आणि बिल्ला उलटा लागला आहे हेही त्याला ठाऊक नाही. पण त्याच्यावाचून कोणी पैसे देत नाही. लेखकांनी हे दोन ओळींत उरकले आणि पुढे वीस ओळी एका तलवारीच्या मुठीवर खर्च केल्या. माझी त्यांना विनंती आहे की एकदा त्या नावेत परत बसावे. ते पैसे तो नावाडी संध्याकाळी कुठे नेऊन देतो? की कोणालाच देत नाही, पण देण्यासाठी म्हणून वेगळे काढून ठेवतो? नातीने विचारले, बिल्ला त्याला कोणी दिला. त्याच्या वडिलांनी, असे मी ठोकून दिले. त्या वडिलांना कोणी दिला, ते तिला लेखकांकडूनच ऐकायचे आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक

ता. क. : पत्र वाचून झाल्यावर नात म्हणाली, बिल्ला उलटा आहे हे एखाद्या उतारूला दिसले असेलच की. दिसले असेल. तो का बोलला नाही, हाही एक भाग होईल.