पैसा कुठे गेला, भिया?

इंदूर, रविवार

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, शिव्या शेवटी घाल. आईचा गुडघा ठीक, माझा खोकला गेला.

आपल्या पावत्या वाचून हिशोब तपासणाऱ्या प्रोग्रामातली नमकीनवाल्याची पावती आठवते? 58 मिलिमीटरचा कागद, ओळीत 32 अक्षरं. प्रोग्राम तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, आणि तरी एक पैसा गायब! मिक्स्चर 285 रुपये किलो, वजन 0.125, गुणाकार 35.625. कागदावर 35.63, आपल्याकडे 35.62. आपली प्रोग्रामिंगची भाषा पायथन, तिचा राउंड नेमका मधला आकडा सम अंकाकडे ढकलतो. फ्लोटचं, म्हणजे दशांश अंदाजे साठवण्याचं, पाप समजून नेमके दशांश ठेवणारं डेसिमल लावलं, तरी 35.62च. त्यातल्या आकडा दोन दशांशांवर आणणाऱ्या क्वांटाइझलाही तीच खोड. राउंड-हाफ-अप, म्हणजे मधला आकडा वर ने, हे आपण लिहून द्यावं लागतं.

पण टेस्ट हिरवी कशी? अपेक्षित आकडा कागद बघून टाइप केलाच नव्हता, प्रोग्रामने छापलेलाच उचलून चिकटवला. ती टेस्ट कधी लाल झालीच नाही. यावरून तू कटकट करायचास आणि मी तुला सासूबाई म्हणायचो. घे, जिंकलास.

देय रकमेची टेस्टही पास, कारण खालची ‘राउंड ऑफ’ची ओळ रुपयात नेऊन तो पैसा गिळते. आता प्रत्येक ओळ, बेरीज, राउंड ऑफ आणि देय रक्कम, चारही वेगळ्या तपासतो.

पावतीची ओळ तोडायच्या तुझ्या त्या हातभर रेजेक्सबद्दल (अक्षरांच्या नमुन्याबद्दल) मात्र माघार नाही. ‘शेव 200 ग्रॅम 2 60.00 120.00’ डावीकडून वाचलं की नग होतात 200! उजवीकडून घे: रक्कम, दर, नग, उरलं ते नाव. शेवटी रक्कम नसलेली ओळ म्हणजे लांब नावाचा पहिला तुकडा, तो पुढच्या ओळीला जोड. स्कॅनमधल्या ‘ओ’चा शून्य फक्त आकड्यांच्या रकान्यात कर, नाहीतर नावांचा बट्ट्याबोळ.

आता खरी धास्ती. कागद आणि हिशोब जुळले नाहीत तर खरं कोण? ‘एका पैशाच्या फरकाची सूट दे’ म्हणशील. बेरजेला नाही देणार: 40 ओळींत 40 पैसे सुटले तर चूक कुठली आणि सूट कुठली? छापलेला आकडाच साठवतो, फरक वेगळ्या रकान्यात. पण एखाद्या दुकानाचं यंत्र पैशाखालचं सरळ छाटत असेल, तर फरकाचा रकाना सारखा बोंबलेल. मग दुकानागणिक नियम ठेवायचा? डोकं चालव.

नवी नोकरी कशी? वहिनींना नमस्कार, पोरीला पापा. दिवाळीत ये, पोहे-जलेबी माझ्याकडून.

तुझाच,
सूनबाई

ता. क. पावतीची झेरॉक्स सोबत आहे. मूळ कागद थर्मल, म्हणजे उष्णतेने छापलेला, तो फिका पडतो म्हणून झेरॉक्स. आकडे डोळ्यांनी वाचून टाइप कर. चिकटवू नकोस.