प्रश्ननिहाय गुण नोंदवा, मगच ‘अटेनमेंट’ काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये सीओ-पीओ अटेनमेंटच्या, म्हणजे विषयासाठी (सीओ) आणि पदवीसाठी (पीओ) ठरवलेल्या अध्ययन निष्पत्ती विद्यार्थ्यांनी कितपत गाठल्या हे दाखवणाऱ्या, एक्सेल शीट भरायची धांदल सुरू होते. विद्यार्थी नेमके काय शिकला याचा पुरावा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला लागतो, अभियांत्रिकीत अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएलाही लागतो, आणि ही मागणी रास्त आहे. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला. एनबीएच्या टिअर-वन (स्वायत्त संस्था व विद्यापीठांसाठीच्या) गटात मानांकित पदवीला इतर सदस्य देशांत मिळणारी मान्यता याच पुराव्यावर उभी आहे. पण पुष्कळ ठिकाणी शीटमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचे फक्त एकूण गुण टाकले जातात आणि तोच आकडा विषयाच्या पाचही अध्ययन निष्पत्तींना लावला जातो. ६२ गुण मिळालेल्या दोघांपैकी एकाने ते व्याख्या आणि टिपांवर मिळवलेले असतात, दुसऱ्याने उदाहरणे सोडवून. शीटमध्ये दोघेही सारखेच दिसतात.

यावरचा उपाय खर्चिक नाही. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर प्रश्ननिहाय गुणांचा तक्ता असतोच. परीक्षक तो भरतो, मॉडरेटर तपासतो, पण पुढे नोंद होते ती फक्त बेरजेची. सगळ्यात मोलाची माहिती तिथेच गळून पडते.

निष्पत्ती लिहिण्यापासूनच गडबड होते. ‘विद्यार्थ्याला परिव्यय लेखांकन समजेल’ हे तपासणार कसे? ‘दिलेल्या आकड्यांवरून परिव्यय पत्रक तयार करील’ हे तपासता येते. एका विषयाला चार-पाच निष्पत्ती पुरेत. त्याहून जास्त लिहिल्या की काहींवर प्रश्नच निघत नाही आणि शीटमधला रकाना अंदाजाने भरावा लागतो. प्रश्नापुढे ब्लूमच्या आकलन-पातळ्यांपैकी चौथी, म्हणजे विश्लेषणाची, पातळी छापली म्हणूनही प्रश्न विश्लेषणाचा होत नाही. त्याचे उत्तर नोट्समध्ये जसेच्या तसे असेल, तर तो पाठांतराचाच प्रश्न आहे.

आपल्या भागातलेच उदाहरण देतो. बी.कॉम.च्या वर्गाला १० गुणांचा प्रश्न असा घालता येईल : गुऱ्हाळात ३ टन ऊस गाळला, दर टनाला ३,००० रुपये; मजुरी १,८०० रुपये; चुना, कढईचा घसारा आणि किरकोळ खर्च मिळून ७५० रुपये; उतारा (उसाच्या वजनातून मिळणारा गूळ) ११ टक्के; जळण म्हणून त्याच उसाचे चिपाड वापरले, त्याचा बाजारभाव ९०० रुपये. तर गुळाच्या ३० किलोच्या एका रव्याचा (ढेपेचा) उत्पादन खर्च काढा. गूळ ३३० किलो, म्हणजे ११ रवे. एकूण खर्च ११,५५० आणि एका रव्याला १,०५० रुपये. ज्याने चिपाडाचे ९०० पुन्हा मिळवले, त्याचे उत्तर १,१३२ च्या आसपास येते. उसाच्या किमतीत चिपाड आलेलेच आहे, हे त्याच्या लक्षात आलेले नाही. ज्याचे उत्तर ११५ रुपये ५० पैसे आले, त्याने उताराच धरलेला नाही आणि ३ टन उसाचेच १०० रवे केलेत. दोघांची उत्तरे चुकली, पण दोघांना शिकवायचे ते वेगवेगळे आहे. म्हणून या प्रश्नाचे रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता, आधीच ठरवायचे : खर्चाची मांडणी ३ गुण, उतारा व रव्यांची संख्या ३, चिपाडाचा निर्णय व त्याचे एका ओळीत कारण २, एका रव्याचा खर्च २. शेवटचे २ गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यांवरून द्यावेत, म्हणजे एकाच चुकीची शिक्षा दोनदा होत नाही.

तपासणी सुरू करण्यापूर्वी दोन शिक्षकांनी त्याच दहा उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासाव्यात. दहापैकी एकाहून अधिक गुणांचा फरक वारंवार पडला, तर रुब्रिकची भाषा ढिली आहे असे समजून ती बदलावी. गठ्ठा तपासताना आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे जावे. एक पेपर अथपासून इतिपर्यंत वाचला की पहिल्या चांगल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरांवर पडते.

‘सहापैकी कोणतेही चार सोडवा’ या पद्धतीने अटेनमेंटचे गणित हमखास बिघडते. अवघड युनिट ऑप्शनला टाकले जाते. मग तो प्रश्न सोडवलेल्यांवर टक्केवारी काढली तर ती फुगते, सगळ्या वर्गावर काढली तर पडते. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत : किती जणांनी प्रश्न घेतला आणि त्यातल्या किती जणांना ठरलेले गुण मिळाले. जी निष्पत्ती टाळून चालणारच नाही, तिच्यावरचा प्रश्न अनिवार्य हवा. ६० टक्के विद्यार्थ्यांना ६० टक्के गुण असे काही लक्ष्य ठेवायचे, तर ते सत्राच्या सुरुवातीला नोंदवून ठेवावे. निकाल पाहून लक्ष्य खाली आणणे थांबलेच पाहिजे.

प्रश्नही तपासावे लागतात. ६० जणांच्या वर्गात एकूण गुणांनुसार वरचे १६ आणि खालचे १६, म्हणजे सुमारे २७-२७ टक्के, वेगळे काढा. एखादा वस्तुनिष्ठ प्रश्न वरच्यांपैकी १२ जणांना आणि खालच्यांपैकी ५ जणांना आला, तर फरक ७, भागिले १६, म्हणजे ०.४४. प्रश्न चांगला, कारण तयारी असलेले आणि नसलेले त्यातून वेगळे दिसतात. हा आकडा शून्याखाली गेला, तर बहुधा उत्तरसूचीत चूक असते किंवा प्रश्नाची भाषा दुहेरी अर्थाची असते. एका चाचणीसाठी हे काम तासाभरात होते.

अंतर्गत गुणांबद्दल स्पष्टच लिहायला हवे. २० पैकी १७ ते १९ च्या दरम्यान अख्खा वर्ग बसतो, तेव्हा त्या गुणांतून काहीच कळत नाही. एटीकेटीची धास्ती, निकालाचा दबाव, शेवटच्या आठवड्यात उरकलेली सबमिशन्स, ही सगळी कारणे खरी आहेत. पण एकमेकांचे पाहून उतरवलेल्या जर्नलला गुण देण्यापेक्षा त्याच प्रयोगावर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेणे बरे : हे रीडिंग इतके का आले, तापमान वाढले असते तर काय झाले असते? प्रत्येक चाचणीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या गुणांच्या तीन-तीन उत्तरपत्रिका जपल्या की मूल्यांकन करणाऱ्या पिअर टीमसमोर वेगळे काही सिद्ध करावे लागत नाही. ‘विषय समजला का’ अशी सत्राखेरची प्रश्नावली जोडीला ठेवावी, पण तिला कमी वजन द्यावे. समजल्यासारखे वाटणे आणि करता येणे यांत बरेच अंतर असते. चाचणीचे पेपर आठवड्याच्या आत, पुढचे युनिट सुरू होण्याआधी मुलांच्या हातात पडावेत. निकालानंतर फोटोकॉपी मागवून गुण वाढतीलही, पण तोवर विषय मागे पडलेला असतो.

शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात. तिथल्या सगळ्या महाविद्यालयांनी हे आपापल्या परीने करायचे ठरवले तर फार वेळ जाईल. म्हणून परीक्षा विभागाला विनंती आहे की कॅप (उत्तरपत्रिकांच्या मध्यवर्ती तपासणीच्या) केंद्रांवर बेरजेबरोबर प्रश्ननिहाय गुणांचीही नोंद व्हावी, आणि विद्यार्थ्यांची नावे वगळून ती माहिती पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी त्या-त्या विषयाच्या शिक्षकांना मिळावी. अभ्यास मंडळांनी नमुना प्रश्नपत्रिकेसोबत रुब्रिकही प्रसिद्ध करावे. सुरुवात प्रत्येक विद्याशाखेतल्या एका विषयापासून केली तरी चालेल.

आपला,
एक प्राध्यापक, कोल्हापूर