'असल्यास' खोडणाऱ्या माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

संस्थांच्या संकटकालीन संवादाचा पदव्युत्तर अभ्यास पूर्ण करून मी कामाला लागले, त्याला आता बराच काळ लोटला. आभार मानायचे राहून गेले होते. ते उघडपणे मानते आहे, कारण या विषयाकडे वळणाऱ्यांना आपल्या शिकवण्याची पद्धत कळावी असे वाटते.

दुसऱ्या सत्रातला सराव मला जसाच्या तसा आठवतो. एका काल्पनिक कारखान्यात वायुगळती झाली आहे, माहिती अपुरी आहे, पत्रकारांचे फोन सुरू झाले आहेत आणि पहिले निवेदन अर्ध्या तासात द्यायचे आहे, एवढेच आपण सांगितले होते. माझ्या निवेदनाची सुरुवात संस्थेच्या सुरक्षाविषयक बांधिलकीने झाली होती आणि शेवट 'कोणाला त्रास झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत' या वाक्याने. आपण पेन्सिलीने 'असल्यास' भोवती गोल केला, मग तो शब्द खोडला आणि विचारले, "शेजारी राहणाऱ्या माणसाने हे वाचून खिडक्या उघडायच्या की लावून घ्यायच्या?" लोकांच्या जिवाला जपणाऱ्या सूचना आधी, धीर देणारी माहिती आणि सहानुभूती त्यासोबत, संस्थेच्या प्रतिमेचा विचार त्यानंतर, हा संकटकालीन संवादाचे अभ्यासक टिमथी कूम्ब्स यांनी मांडलेला क्रम मला तोंडपाठ होता, कागदावर मात्र तो नेमका उलटा उतरला होता.

टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचे उदाहरण बहुतेक वर्गांत आरतीसारखे म्हटले जाते. 1982 मध्ये शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूल घेतल्याने सात जणांचा मृत्यू झाला, ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या आणि लोकांचा विश्वास पुन्हा मिळवला, इथे सहसा तास संपतो. आपण तिथून पुढे गेलात. विष बाहेरच्या कोणीतरी मिसळले होते, म्हणजे कूम्ब्स यांच्या वर्गीकरणात कंपनी स्वतःच संकटाची बळी ठरते. मग जिच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे माणसे दगावली, अशा संस्थेने त्या यशाचा कित्ता कसा गिरवायचा, हा आपला प्रश्न होता. पाठोपाठ आपण 2010 मधली मेक्सिकोच्या आखातातली तेलगळती समोर ठेवलीत. त्या दुर्घटनेत 11 कामगार मृत्युमुखी पडले होते आणि बीपी या तेलकंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी 'मला माझे आयुष्य परत हवे आहे', असे पत्रकारांसमोर म्हटले होते. त्यावर आपण काहीच भाष्य केले नाहीत, आणि त्याची गरजही नव्हती.

प्रबंधाच्या वेळी मात्र मी आपल्यावर मनातून रागावले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. निवेदनांचे मी केलेले वर्गीकरण आपण दोनदा परत पाठवलेत, कारण 'चूक झाली' आणि 'आम्ही चूक केली' ही दोन्ही वाक्ये मी एकाच रकान्यात टाकली होती. पहिल्या वाक्यातून चूक करणारा पसार होतो, हे शाळेतल्या व्याकरणाच्या आधाराने आपण दाखवलेत, आणि मला सगळी निवेदने पहिल्यापासून वाचावी लागली. त्या फेरवाचनात प्रबंधाचा निष्कर्षच बदलला.

अलीकडे एका संस्थेतून ग्राहकांची माहिती बाहेर गेली, तेव्हा रात्री उशिरा निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. किती जणांची माहिती गेली हे तोवर निश्चित झाले नव्हते, आणि तसे आम्ही स्पष्ट लिहिले. पहिल्या ओळीत ग्राहकांनी पासवर्ड लगेच बदलावा, ही सूचना होती. मसुदा वरिष्ठांकडून परत आला, तेव्हा शेवटच्या परिच्छेदात 'गैरसोय झाली असल्यास' अशी भर पडलेली होती. ती काढण्यासाठी मला वीस मिनिटे वाद घालावा लागला. त्या वीस मिनिटांत मी जे काही बोलले, ते सगळे आपले होते.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपली विद्यार्थिनी