कृषीकन्या ताई, पान उलटं करून दाखवलंस त्याबद्दल

ताई, तू कृषी कॉलेजकडून कृषीकन्या म्हणून, म्हणजे गावात राहून शेती शिकायला, आमच्याकडं दिंडोरी तालुक्यात आली होतीस. तुझा नंबर माझ्याकडं नाही म्हणून इथं लिहितोय, कोणी ओळखत असेल तर तिच्यापर्यंत पोचवा.

तेव्हा ऑक्टोबर छाटणीला चाळीसेक दिवस झालेले, थॉमसन द्राक्षाची बाग फुलोऱ्यावर आलेली, आणि तीन दिवस नुसता अवकाळी पाऊस, वरून सकाळचं धुकं. पानांवर पांढरं दिसलं, मी भुरी (पानांवर पांढरी पावडर धरणारा बुरशीचा रोग) समजलो, दुकानातूनही भुरीचंच औषध दिलं आणि गंधकाचे दोन स्प्रे मारले तरी घडातली कळी तपकिरी पडून गळत होती, घड नुसता हलवला तरी तळहातावर कळ्या यायच्या. सोसायटीचं कर्ज डोळ्यापुढं, घरात कोणी धड जेवत नव्हतं.

तू आलीस, एक पान तोडून उजेडाकडं धरलंस. वरून तेल सांडल्यासारखा पिवळट डाग, उलटं केलं तर बरोबर त्याच डागाखाली पांढरा कापूस. "काका, भुरी राखेसारखी वरून पण दिसते, बोटानं पुसली जाते. ही डाऊनी आहे, म्हणजे केवडा, वेगळाच रोग, हिला गंधक चालत नाही." माझा चेहरा बघून तू नुसते डाग असलेली, पांढरं न आलेली दोन पानं ओल्या कागदासोबत कॅरीबॅगमध्ये बांधून ठेवलीस, सकाळी उघडली तर डागाखाली पांढरी लव आलेली. माझं वय गेलं द्राक्षात पण हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

मग तू सांगितलंस की डाऊनीचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि पानाची श्वास घ्यायची छिद्रं खालच्या बाजूला असतात, तिथून आत शिरतात, म्हणून पान जितका वेळ ओलं तितका धोका. आम्ही आपले वरून फवारणीची गन मारत होतो! त्याच दिवशी फेलफुटी (नको असलेल्या जादा फुटी) काढल्या, दाटी कमी करून हवा खेळती केली, आंतरप्रवाही (पानात भिनणारं) आणि स्पर्शजन्य (पानावर राहणारं) औषध एकत्र घेऊन पानांच्या खालून फवारलं. मी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारायला निघालो होतो तर फुलोऱ्यात नको, फूल जळेल म्हणून तू थांबवलंस, ते तर फारच बरं झालं.

सगळी बाग वाचली नाही, बांधाकडच्या ओळींतले घड गेलेच. पण बाकी माल हाती आला, कर्जाचा हप्ता गेला.

यंदा छाटणीनंतर गळलेली पानं, काड्या सगळं गोळा करून बागेबाहेर काढलं, रोग त्यातच दबा धरून बसतो हे तूच सांगितलेलं. तुझी काकू आता रोज सकाळी चार ओळी फिरते, पानं उलटी करून बघते, डाग दिसला की मला हाक मारते.

मार्चमध्ये काढणी आहे, आईवडलांना घेऊन नक्की ये. पहिली पेटी तुझी.