दहावीचा निकाल नको, शाळेचे वेळापत्रक तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशातल्या मोठ्या आणि लहान माध्यमिक शाळांमधली दरी खरोखर कमी करायची असेल, तर प्रत्येक शाळेचे वेळापत्रक मागवावे. नववी-दहावीच्या गणित, विज्ञान, इंग्रजीच्या तासाला कोण उभे राहते आणि त्याची पदवी कोणत्या विषयाची, एवढे दोन रकाने पुरेत.

जळगाव-भुसावळच्या मोठ्या शाळेत एकेका इयत्तेच्या चार-पाच तुकड्या असतात, म्हणून गणिताला स्वतंत्र शिक्षक मिळतो. आमच्या नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या लहान शाळेत एकेकच तुकडी. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे द्यायची याची मंजुरी, पटावर होते. पट घटला की पदे घटतात, विषय मात्र तेवढेच राहतात. मग इतिहासाचे बी.ए., बी.एड. झालेले सर भूमिती घेतात. यात त्यांचा दोष नाही. पण सिद्धता फळ्यावर उतरते आणि मुले ती पाठ करतात.

दोन जवळच्या शाळांना मिळून गणिताचा एक शिक्षक देता येतो. वर्गाला आठवड्याचे ७ तास धरले तर एका शाळेत नववी-दहावीचे मिळून १४, दोन शाळांत २८. एवढा कार्यभार एकाला पेलतो. मात्र एक दिवसाआड फेऱ्या नकोत, पहिला तास रस्त्यातच जातो. सोमवार ते बुधवार एक शाळा, गुरुवार ते शनिवार दुसरी, आणि जोडतास, म्हणजे एका विषयाचे सलग दोन तास. शनिवारी शाळा अर्धा दिवस, म्हणून दर महिन्याला पाळी बदलावी. नाहीतर एकाच शाळेचे तास कायम बुडतील. संस्था वेगवेगळ्या असल्या की रजा कोणी मंजूर करायची इथेच गाडे अडते. म्हणून सुरुवात एकाच संस्थेच्या शाळांपासून व्हावी, तीही माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने, प्रवासखर्चासह. तोंडी ठरलेली व्यवस्था पहिल्या पावसातच बंद पडते.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. दहावीच्या विज्ञानात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आणि ते शाळेनेच द्यायचे. प्रयोग न करताही गुण पडू शकतात, त्यामुळे निकालात दरी दिसत नाही. मूल अकरावी विज्ञानला गेले की उघडी पडते. कपाट उघडून बघावे: परीक्षानळ्या जुन्या वर्तमानपत्रात तशाच गुंडाळलेल्या, लिटमसच्या पट्ट्या ओल लागून एकाच रंगाच्या, ॲमीटरचा काटा शून्यावर न येणारा. साहित्य असूनही कुलूपबंद, कारण फुटले तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या साहित्याच्या नोंदवहीला, उत्तर द्यायचे शिक्षकाने. काचसामानाचा दहावा हिस्सा दरवर्षी फुटणार हे धरून निर्लेखनाची (फुटलेल्या वस्तू नोंदीतून कमी करण्याची) परवानगी आधीच द्या, कुलपे आपोआप निघतील. जिथे साहित्यच नाही तिथे केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, चार शाळांत एक पेटी फिरवावी. चार मुलांच्या गटामागे एक बहिर्गोल भिंग, ॲमीटर, व्होल्टमीटर, नायक्रोमची तार, सहा नळ्या. आम्ल मात्र पेटीतून नेऊ नये, ते प्रत्येक शाळेने जागेवरच ठेवावे.

राहिली एसटी. गावाकडची शेवटची गाडी शाळा सुटण्याआधी निघत असेल तर बाहेरगावच्या मुलींचा शेवटचा तास वर्षभर बुडतो. आगाराला पत्र द्यावेच. पण वेळ बदलून मिळेपर्यंत गणित आणि विज्ञान पहिल्या चार तासांत घेणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

आपले,
काही माध्यमिक शिक्षक, जि. नंदुरबार