बाबांच्या चालण्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणजे पहिल्याच आठवड्यात सेमिनरी हिल्सचा चढ नव्हे. सध्या महाराजबागेतली सपाट वाट पुरे.

पहिली ५ ते १० मिनिटं अगदी रमतगमत. मग १० मिनिटं झपझप. जमलं तर दर आठवड्याला २-३ मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यायचं, आठवड्यातून ५ दिवस. आधी वेळ वाढवा, वेग नंतर.

मनगटावरच्या घड्याळाचं फार ऐकू नका. तुम्हाला मेटोप्रोलॉल सुरू आहे, ती गोळी नाडी वर चढू देत नाही. त्यामुळे नाडी जास्तीत जास्त किती चढू द्यायची याचं '२२० वजा वय' हे गणित तुमच्या कामाचं नाही; नाडीचा ९५ आकडा पाहून 'अजून दम आहे' म्हणत पळाल तर छातीवर ताण येईल. त्यापेक्षा आईशी बोलत चाला. पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांनी थांबावं लागलं तर जास्त, आणि गाणं म्हणता आलं तर कमी.

शेवटची ५ ते १० मिनिटं पुन्हा हळू, ही तुम्ही हमखास गाळाल. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की ते पायांतच साठतं, बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या गोळ्यांनी आणखीच. आल्याआल्या कढत पाण्याची आंघोळही म्हणूनच नको.

तर्री पोहे (तर्री कमीच!) खाल्ले तर दीड-दोन तास चालणं नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरात. उन्हात हृदयाला कातडी थंड ठेवायलाही रक्त पुरवावं लागतं, म्हणून तेवढ्याच चालीत जास्त दम लागतो. नवतप्यात हॉलमध्येच फेऱ्या मारा.

ताप असेल, बसल्या जागी नाडी १०० च्या वर असेल, किंवा तीन दिवसांत वजन २ किलो वाढून पाय सुजले असतील तर चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन.

छातीत, जबड्यात, डाव्या हातात दाब वाटला की तिथेच बसा, 'गॅस असेल' म्हणू नका. सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्यावरची गोळी) जिभेखाली, तीही बसूनच, कारण तिने बीपी उतरतं. ५ मिनिटांत आराम नाही पडला तर १०८. स्कूटीवरून दवाखान्यात जायचं नाही.

आई, ती गोळी कपाटात नको, बाबांच्या खिशात हवी. पट्टीवरची तारीख बघून फोटो पाठव.

तुमची,
सोनू