फरशीवरचे भगदाड आणि पंधराव्याचे पैसे

नाशिक, दि. २२ सप्टेंबर २०२५

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र शासन यांस

स. न. वि. वि.

आज घटस्थापना. दरवर्षी घट माझी पत्नी बसवते. यंदा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे माती मी चाळली आणि धान्य तिने डाव्या हाताने पेरले. दहा दिवसांपूर्वी आमच्या आणि शेजारच्या गावाच्या मधल्या ओढ्यावरील फरशी, म्हणजे बुटका सिमेंटचा पूल, ओलांडताना माझ्या स्कूटरचे चाक भगदाडात गेले. भगदाडातून गजांची तीन टोके वर आली आहेत आणि त्यांतल्या एकाला कोणा सज्जनाने लाल चिंधी बांधली आहे. गेल्या साडेतीन वर्षांत त्या फरशीवर झालेले विकासकाम ते एवढेच.

फरशी दोन गावांच्या शिवेवर असल्याने कोणतीच ग्रामपंचायत तिला आपली म्हणत नाही. तालुक्याच्या कार्यालयात आजवर दहा-बारा चकरा मारल्या, शेवटच्या चकरेत टेबलामागून उत्तर आले, "पंधराव्याचे पैसेच नाहीत, काका. प्रशासक आहे ना."

महोदय, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. वजाबाकी मला येते. ‘पंधरावा’ म्हणजे केंद्राच्या पैशांतला वाटा ठरवणारा पंधरावा वित्त आयोग. त्याने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. आपल्या राज्यात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समित्यांना व जिल्हा परिषदांना, अशी वाटणी ठरली. ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित; फरशीसारखी कामे या अबंधित निधीतून होऊ शकतात. मात्र अनुदान हवे तर संस्था निवडून आलेली हवी, आणि नाशिक जिल्हा परिषद व तिच्या १५ पंचायत समित्या मार्च २०२२ पासून सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती आहेत.

म्हणजे निवडणूक घेतली नाही सरकारने आणि हप्ता बुडाला आमचा! ज्याला मतदान करूच दिले नाही, त्यालाच मतदान न केल्याची शिक्षा देण्याची ही रीत मला चाळीस मुलांच्या वर्गातही कधी सुचली नाही. आरक्षणाचा वाद, गट-गणांची, म्हणजे मतदारसंघांची फेररचना, ही सगळी कारणे आम्ही मुकाट्याने ऐकली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटले, तेव्हा मी पत्नीला सांगितलेही, की दिवाळीपर्यंत फरशी होईल. गेल्या मंगळवारी ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत गेली. मतदान यंत्रे कमी पडतात म्हणे. लोकसभा आणि विधानसभेला बरी पुरली!

खरे तर हे पालकमंत्र्यांना लिहायला हवे होते. परंतु आमच्या जिल्ह्याची ती नेमणूक जानेवारीत झाली आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित झाली, ती झालीच. सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे होत आहेत, त्याबद्दल आनंदच आहे; गोदावरीच्या वाटेत आमचा ओढा येत नाही, हा दोष ओढ्याचा. केंद्राने कराचा वाटा अडवला की राज्ये हक्काची भाषा बोलतात. पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीने हक्क आम्हालाही दिला होता आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, हे घटनेच्या २४३-ई या अनुच्छेदात लिहिलेले आहे. दिल्लीकडे बघून मुंबई रडते आणि मुंबईकडे बघून आम्ही. आमच्या खाली मात्र रडायला कोणी उरत नाही.

पंधराव्याची मुदत ३१ मार्च २०२६ रोजी संपते. निवडणुका जानेवारीअखेर झाल्याच, तर नव्या सभागृहांच्या हाती दोन महिने उरतील. अडकलेले हप्ते तेव्हा मिळणार की बुडणार, आणि बुडणार असतील तर राज्य ते आपल्या तिजोरीतून भरून देणार का, याचे लेखी उत्तर द्यावे. तोवर फरशीवर निदान चार पोती सिमेंट टाकायला प्रशासकांना सांगावे. त्याला सभागृहाचा ठराव लागत असल्यास तोही कळवावा.

या पत्राची प्रत उद्या तालुक्याच्या कार्यालयात नेऊन देणार आहे. नऊ किलोमीटरच्या फेऱ्याने जावे लागेल, कारण काल रात्रीच्या पावसात ती चिंधीही वाहून गेली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक